ब्लाउजच्या मापाची मोटारसायकल

आमची मोटारसायकल डावीकडे वळत नसे. उजवीकडेही वळत नसे. एवढं सोडलं तर तिच्यात काहीही दोष नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहायचो. मी, सासूबाई आणि आमचे हे. हे म्हणजे विलासराव, पंप बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. दिवसभर पंपांची ड्रॉइंग काढायची. पंप हा प्राणी जन्मभर एका जागी बसून असतो, त्यामुळे त्याची चित्रं काढणाऱ्याला वेगाची भूक लागत असावी. घरात शंभर सीसीची एक साधी, गुणी मोटारसायकल होती. तिच्यावरून गॅसचा सिलिंडर यायचा, एपीएमसीतून कांद्याची गोणी यायची, मी यायचे, आणि कधी कधी आम्ही सगळे एकदमच यायचो. तिने कधी तक्रार केली नाही. तक्रार करायला मी होते ना!

मग कुणीतरी यांना परदेशी स्पोर्ट्स बाइकचं पोस्टर दिलं. लालभडक गाडी, अंगभर चकचकीत कवच, आणि वर पालथा पडलेला एक माणूस. हे पोस्टर देवघराच्या समोरच्या भिंतीवर लागलं. सासूबाई पूजा करून वळल्या की पहिलं दर्शन त्या पालथ्या माणसाचं.

"याचं पोट दुखतंय का रे, विलास?" त्यांनी विचारलं.

"आई, तो वारा चुकवतोय! वारा हाच खरा शत्रू आहे. इंजिनाची ताकद वाढत नसेल तर वाऱ्याला फसवायचं."

"अरे, पण या घरात वाराच कुठे येतो?" सासूबाई म्हणाल्या. (खरं होतं. आमची खिडकी शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीत उघडायची.)

इथे माझी बाजू सांगायला हवी. मी वाशीतल्या एका शाळेत शिवणाची बाई होते. टेम्पररी! दर उन्हाळ्यात शाळा मला काढायची, आणि दर जूनमध्ये मी पुन्हा अर्ज हातात घेऊन उभी. वर्षानुवर्षं हेच. स्टाफरूममधली खुर्चीसुद्धा माझी नव्हती, रजेवर असेल त्या बाईंची होती. त्या वर्षी पहिल्यांदाच कायम जागा निघाली, आणि संस्थेच्या सीबीडी बेलापूरच्या ऑफिसात इंटरव्ह्यू ठरला. ही जागा गेली तर मी रिटायरही टेम्पररीच होणार होते. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

"टेन्शन नको घेऊस," हे म्हणाले. "तुला इंटरव्ह्यूला नव्या गाडीवरून सोडतो. अशी नेतो, अशी नेतो की पोचल्यावर तुला वाटेल आपण निघालोच नाही."

मी हो म्हणाले. माणूस दमलेला असला की कशालाही हो म्हणतो.

झालं! रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीची चिरफाड सुरू झाली. हँडल कापून खाली बसवलं. पाय ठेवायच्या दांड्या मागे गेल्या. मागची सीट वर गेली, इतकी वर की तिच्यावर चढायला मला स्टुलाची गरज पडायला लागली. मग वजन कमी करायची मोहीम निघाली. कॅरियर काढला, साखळीचं कव्हर काढलं, मधला स्टँड काढला. गाडी आता भिंतीला टेकून उभी राहायची.

साडीगार्डला हात घातला तेव्हा मात्र सासूबाई खाली उतरल्या.

"ते राहू दे."

"आई, स्पोर्ट्स बाइकला साडीगार्ड नसतं गं!"

"मग त्यांच्या बायका काय मागून पळत येतात?"

साडीगार्ड राहिलं. पिशवी अडकवायचा हूकही राहिला.

पण खरी गंमत त्या अंगभर कवचाची. फेअरिंग म्हणतात त्याला. तुर्भ्याला फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणारा एक माणूस यांच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, "साचा आणून द्या, टाकी काय आणि गाडी काय, आपल्याला सारखंच." आता साचा आणायचा कुठून? यांनी कागदावर ड्रॉइंग काढलं, फार सुंदर काढलं. पण कागद सपाट आणि गाडीला सगळीकडे फुगवटे! पुठ्ठा वाकवून बघितला, पत्रा वाकवून बघितला. शेवटी हे जिन्यात डोकं धरून बसले.

आणि तिथे मला दुर्बुद्धी सुचली.

"अहो," मी म्हणाले, "हा तर प्रिन्सेस कट आहे."

"काय?"

"ब्लाउजचा प्रकार असतो. सपाट कापडातून फुगवटा काढायचा तर टक्स घालावे लागतात. सरका बाजूला!"

मी वरून टेप आणला, खडू आणला, मांजरपाट आणला. गाडी हलू नये म्हणून यांनी पुढचं चाक सुतळीने घट्ट बांधलं. मीही सवयीने गाडीला म्हणाले, "सरळ उभी राहा, श्वास सोडू नकोस." छाती, कंबर, खांदे, सगळी मापं घेतली. वर्तमानपत्रावर कटिंग केलं, मांजरपाटाचा अंगरखा शिवला आणि गाडीला घातला. हे भोवती फिरत होते.

"अजून घट्ट, सुनंदा. वारा आत शिरता कामा नये."

मी टक आणखी आत घेतले.

"हँडलपाशी अजून."

घेतले! एक सूत इकडे की तिकडे नाही. असं फिटिंग मी माझ्या लग्नाच्या ब्लाउजलाही दिलं नव्हतं. वरून प्लास्टर चढवून साचा झाला, साचा तुर्भ्याला गेला, आणि इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी लालभडक फेअरिंग येऊन गाडीवर चपखल बसलं. अख्खी सोसायटी बघायला जमली. "वहिनी, जादू आहे तुमच्या हातात!" असं सगळे म्हणत होते. मी पदर सावरत होते. चाकाची सुतळी तेव्हाच सोडली, पण हँडल फिरवून बघायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. हँडल फिरतंच ना! त्यात बघायचं काय?

सकाळी सासूबाईंनी गाडीची साग्रसंगीत पूजा केली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू. नवं फायबर उतारावर घासू नये म्हणून चौघांनी गाडी उचलून गेटबाहेर आणली आणि रस्त्यावर नाकासमोर तोंड करून ठेवली. मी खळ घातलेली कॉटनची साडी नेसले होते. हुकाला नमुन्यांची पिशवी, तिच्यात झबलं, काजं, टाके, कात्री. मी स्टुलावरून सीटवर चढले. सासूबाईंनी माझ्या हातावर दही-साखर ठेवली, आणि आम्ही निघालो.

हायवेपर्यंत सगळं छान झालं. तिथला रस्ता ऐसपैस गोलाईचा आहे, गाडी थोडी कलली आणि निघाली. आवाज तर असा येत होता की ट्रकवाले बाजूला होऊन बघायचे. वेग मात्र पूर्वीचाच! आणि वारा? वाऱ्याला यांनी खरंच फसवलं होतं. यांना चुकवून तो अख्खाच्या अख्खा माझ्या अंगावर येत होता. नेरूळपर्यंत माझा अंबाडा सुटला, पुढे पदराची घडी गेली.

बेलापूरचं वळण आलं.

"अहो, वळा."

"वळतोय."

"वळा ना!"

"अगं वळतोय गं!"

टक. हँडल फायबरला टेकलं. वळण आमच्या डावीकडून हसत निघून गेलं.

"काय झालं?"

"काही नाही. ते वळण जरा लहान होतं. पुढचं घेतो."

पुढच्या वळणाला पुन्हा टक. यांचा अंगठा हँडल आणि टाकीच्या मध्ये सापडला. "आई गं!" म्हणून हे ओरडले, आणि आम्ही सरळ.

"अहो, पनवेल येईल!"

"पनवेलला मोठा सर्कल असेल."

"मला पनवेलला कुणी कायम करणार आहे का? थांबा! थांबवा आधी!"

गाडी थांबली. मी सीटवरून उडी मारली. यांनी हँडल डावीकडे नेलं, टक. उजवीकडे नेलं, टक. पुन्हा डावीकडे. मग आम्ही दोघांनी एकदम त्या फेअरिंगकडे पाहिलं. माझं ते चपखल फिटिंग! रडूच यायचं बाकी होतं.

"थोडं उसवता नाही येणार?" यांनी हळूच विचारलं.

"फायबर आहे ते, विलासराव!" (मी नवऱ्याला नावाने हाक मारलेली ही पहिली वेळ.)

आता वळायचं कसं? मधला स्टँड असता तर त्याच्यावर गाडी गर्रकन फिरवली असती. पण तो वजन कमी करायला काढला होता ना! मग एकच उपाय उरला. मी पदर खोचला, साडीगार्डला दोन्ही हात घातले आणि गाडीचं बूड उचललं. हे पुढून धरायचे, मी मागून उचलून सरकवायचे. थोडं सरकवलं की श्वास, मग पुन्हा. सासूबाईंनी ते साडीगार्ड ठेवायला लावलं नसतं तर मला धरायलाही काही नव्हतं.

भाजीची पाटी डोक्यावर घेऊन चाललेली एक मावशी थांबली.

"काय गो बाय, पंक्चर झायली का?"

"नाही हो मावशी, वळत नाही."

"वलत नाय? मंग घेतली कनाला?"

"घेतली नाही. शिवलीय."

मावशीने माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. मग पाटी खाली ठेवली आणि एका बाजूने हात लावला.

आम्ही उलटे फिरलो, बेलापुरात शिरलो. आणि हे नव्याने वसवलेलं शहर! ज्याने आखलं त्याला देव बरं करो. प्रत्येक रस्ता काटकोनात. दर कोपऱ्याला गाडी थांबायची, मी खाली उतरायचे, बूड उचलायचे, सरकवायचे. पुन्हा वर चढायचं तर स्टूल घरी! दुसऱ्या कोपऱ्यानंतर मी चढायचा नाद सोडला आणि गाडीमागून धावायला लागले. सासूबाईंचा प्रश्न आठवला. त्यांच्या बायका पळत येत असतील की नाही ते माहीत नाही, विलासरावांची येत होती.

शेवटचा कोपरा मी गाडीसकट सोडला. पिशवी हिसकावली आणि पळत सुटले. शिपाई माझं नाव पुकारून दार लावतच होता, तेवढ्यात मी आत घुसले. केस मोकळे, हातांना साखळीचं काळं ग्रीस, आणि गाडीला घातलेला झेंडूचा हार कसा कोण जाणे माझ्या खांद्याला लोंबत होता. समोर तीन माणसं. मधल्या मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"बसा. पाणी घ्या."

मी पाणी प्यायले. आता गेलीच नोकरी, असं म्हणून मन घट्ट केलं.

"एकच सांगा," मॅडम म्हणाल्या. "शिवणात नवीन मुली हमखास करतात अशी सगळ्यात मोठी चूक कोणती?"

आणि काय सांगू, माझा बांधच फुटला! "मॅडम, फिटिंग! लोकांनी वाहवा करावी म्हणून घट्ट फिटिंग करतात. माप घेताना समोरच्याला पुतळ्यासारखं उभं करतात. उभं असताना फार सुरेख दिसतं, मॅडम, फार सुरेख! पण माणूस उभं राहायला कपडे घालतो का? त्याला वळायचं असतं, हात फिरवायचा असतो! तिथे लूज ठेवायला नको? वळायची वेळ आली की मग कळतं. तेव्हा उसवताही येत नाही, आणि मग... मग फार धावावं लागतं, मॅडम." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

मॅडमचे डोळेही भरून आले होते. "इतक्या तळमळीने शिवण शिकवणारी बाई मी अजून बघितली नाही," त्या बाजूच्या गृहस्थांना म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात ऑर्डर आली. मी कायम झाले. स्टाफरूममध्ये खुर्ची मिळाली, माझी स्वतःची.

यांनी फेअरिंग उतरवलं आणि ते वाऱ्यावर एक अक्षर बोलेनासे झाले. फेअरिंग सासूबाईंनी उलटं करून गॅलरीत ठेवलं आणि त्यात अळू लावला. अळू छान आला. माती एक कणही सांडत नाही, फिटिंगच तसं आहे.

मी अजून शिवण शिकवते. पहिल्याच तासाला मुलींना सांगते, बाहीचं माप घेताना हात फिरवून बघा, घट्ट फिटिंगच्या मोहात पडू नका. दर वर्षी एखादी आगाऊ मुलगी विचारतेच, "बाई, आणि अशी चूक कुणी केली तर तिचं काय होतं?"

मी खडूने फळ्यावर रेघ मारत बसते. काय सांगू तिला? तिला कायम करतात!