वाकड्या मानेचं बदक

ऑफिसात सगळे त्याला 'खडूस' म्हणत. पण लेकीच्या स्वेटरवरच्या बदकाची नक्षी आत्याला पडद्यावर दिसावी, म्हणून त्यानं हौसेनं प्रोग्रॅम लिहिला. फुली म्हणजे पिवळा टाका, टिंब म्हणजे पांढरा. फॉन्टही देखणा निवडला आणि तिथंच घात झाला. फुल्या ऐसपैस बसल्या, टिंबं अंग चोरून, नि बदकाची मान वाकडी झाली. आत्या टाके मोजत नसे, नजरेनं विणायची. तिनं वाकडीच मान विणली.

तो स्वतःवरच जाम वैतागला. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देणारा फॉन्ट लावताच बदक ताठ झालं.

"आत्या, आता उसव ते."

"उसवते की! ती अंगातून काढू देईल तेव्हा."

लेक मान वाकडी करून घरभर हिंडत होती.