अर्धं मेलेलं मशीन

तुमच्या पोटात जी कात्री जाणार, ती आधी कुणाच्या पोटात होती आणि मधल्या वेळात ती कुणी धुतली, हे कधी विचारलंय तुम्ही? नसणारच विचारलं. डॉक्टरचं नाव दहा जणांना विचारता, खोलीत एसी आहे का तेही विचारता.

ती धुते तळमजल्याच्या मागच्या खोलीतली एक बाई. प्रत्येक चिमट्याचा सांधा भिंगाखाली धरते म्हणून अख्खं हॉस्पिटल तिला 'भिंग' म्हणतं. एकोणीस वर्षं झाली. घरी सासू करवादते, "अगं, माझं ताट तरी भिंगाशिवाय वाढ!"

खोलीत अल्ट्रासोनिक मशीन आहे. दिसायला साधी स्टीलची टाकी. पण चालू झालं की पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे उठतात, फुटतात, आणि जिथे ब्रश पोचत नाही तिथलं वाळलेलं रक्त ओढून काढतात. ते आधी निघालंच पाहिजे. पुढे वाफेच्या मशीनमध्ये कितीही तापवा, राहिलेली घाण शिजते, जात नाही.

दर सोमवारी भिंग डबा गुंडाळायच्या फॉइलच्या पट्ट्या टाकीत सोडते. मशीन धड असेल तर पट्टीला सगळीकडे बारीक भोकं पडतात. तीन आठवड्यांपूर्वी डावीकडची पट्टी जशीच्या तशी, कोरी करकरीत वर आली. ती पट्टी तशीच घेऊन भिंग तिच्या विभागाच्या साहेबांकडे गेली.

"मशीन घूं घूं करतंय ना? दिवा लागतोय ना?" साहेब म्हणाले.

"फ्रीजही घूं घूं करतो, साहेब. त्यात धुऊ का?"

"तक्रार वर पाठवलीय."

"वर म्हणजे कुठे? देवाकडे?"

इथेच तिचं चुकलं. मशीन बंद ठेवून बोंब मारायची, तर ही बाई पडली गुणाची! सगळी हत्यारं उजव्या बाजूला घालायला लागली. एकाच्या जागी दोन फेऱ्या. सकाळी तासभर आधी यायचं, डबा उभ्या उभ्या खायचा. रजिस्टरमध्ये रोज 'काम पूर्ण'. मग वरच्यांनी कशाला हलावं? त्यांच्या कागदावर मशीन ठणठणीत होतं.

काल मात्र तीनऐवजी सहा ऑपरेशनं लागली. पाच सेट कसेबसे वर गेले. सहावा भिंगाखाली धरला तर आर्टरीच्या सांध्यात काळपट रेघ. ती चिमट्यासारखी असते, रक्तवाहिनी दाबून धरायला. पुन्हा धुतली, रेघ तशीच.

साहेब दारात आले. "द्या आता. वाफेत सगळं मरतं."

"मरतं, पण मढं तिथंच राहतं ना! सेट स्वच्छ आहे म्हणून मी सही करणार नाही."

ऑपरेशन पुढे ढकललं. पेशंट एक म्हातारे सुतार, हर्नियाचे. अर्ध्या तासात त्यांची मुलगी तरातरा खाली आली.

"तुमच्या आळसापायी माझे बाबा सकाळपासून उपाशी आहेत! लाज नाही वाटत?"

भिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून पाण्याचा घोट नाही, हात सुजलेले, आणि आळस? तिने मुलीच्या हातात भिंग दिलं, आर्टरी तिच्यासमोर धरली. "बघ. ही आत घालू बाबांच्या?"

मुलीने बघितलं. भिंग टेबलावर ठेवलं आणि निघून गेली. माफी नाही, काही नाही.

संध्याकाळी भिंगला मेमो मिळाला : 'हलगर्जीपणामुळे शस्त्रक्रिया रद्द. दोन दिवसांत खुलासा द्या, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल.' तिने तिथेच उभं राहून लिहिलं : 'मशीनची डावी बाजू तीन आठवडे बंद आहे. मी ते झाकून काम रेटलं, ही माझी चूक. यापुढे रेटणार नाही.'

"पहिली ओळ खोडा," साहेब म्हणाले.

"मेमोतला हलगर्जीपणा खोडा, मग बघू."

आज ती कामावर आहे. परवाचं कुणी सांगावं?

तेव्हा एवढं करा. तुमच्या माणसाचं ऑपरेशन पुढे गेलं तर भांडायला जरूर जा. पण तळमजल्यावर नाही. मशीन दुरुस्त करायची सही ज्याच्या हातात आहे, त्याच्या टेबलापुढे जाऊन बसा, आणि सही होईपर्यंत उठू नका.