माळवदाखालचं साड्यांचं दुकान

"पुढच्या महिन्यात दुकान पाडतोय गं. नवीन बांधायचंय," मामा फोनवर म्हणाले आणि मी पुण्याहून सोलापूरची एसटी धरली. एप्रिलात सोलापूरला कोण जातं, असं घरचे म्हणाले. खरंच आहे, तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा. मला मात्र त्या दुकानात शेवटचं बसायचं होतं, तेही उन्हाळ्यातच.

टेंभुर्णीला चहा झाला. मोहोळ सोडल्यावर खिडकीतून भट्टीचा वारा. स्टँडवरून नवी पेठेला रिक्षा करा, भाडं आधी ठरवा. स्वतःची गाडी आत नेऊ नका, पार्किंगची बोंब आहे.

पेठेत आता जिकडेतिकडे काचेची दुकानं. उन्हाकडे तोंड करून काच लावायची आणि मग आत एसी! ही अक्कल कुणाची, देव जाणे. त्यांच्यात मामांचं दुकान बुटकं दिसत होतं. हातभर जाड मातीच्या भिंती, वर लाकूड-मातीचं माळवद आणि त्यात उजेडासाठी एक चौकोनी भोक. आमच्याकडे त्याला सानं म्हणतात. चपला काढल्या, गादीवर बसले, भिंतीला पाठ टेकली. आहाहा, काय गार! सुट्टीत दुपारी मी इथेच झोपायचे. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

तेवढ्यात माळशिरसच्या एक बाई लेकीच्या लग्नाची साडी उचलून थेट सान्याखाली गेल्या.

"निळी हाय की ही."

"मोरपंखी हाय ताई," मामा म्हणाले. "नीट बघा."

"व्हय की! समोरच्या दुकानात लायटीत कळंना, म्हणून साडी घेऊन रस्त्यावर गेले. तितला माणूस मागं पळत आला. चोर हाय का काय मी?"

सगळे हसले. मी मामांच्या मुलाला, प्रशांतला, गाठलं. त्याने दाखवलेल्या नव्या दुकानाच्या नकाशात सानं नव्हतंच.

"ऐकलंस ना? सानं ठेव. भिंती ठेव. माळवद ठेव."

"ताई, माळवद लई गळतंय. दर उन्हाळ्यात माती टाकायला माणूस मिळत न्हाय, मलाच चढावं लागतं. तू येतीस का?"

घरी मामीने कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं, आम्ही भांडत भांडत जेवलो. निघताना तो एवढंच म्हणाला, "सान्याचं बघतो."

जुनं पाडून बांधकाम सुरू झालं, आणि परवा त्याचा फोन आला. "ताई, स्लॅब टाकला. सानं ठेवलंय, वर काच बसवतोय."

मी आनंदाने ओरडलेच. मग विचारलं, "आणि गारवा?"

"एसी घेतोय की."

उजेड राहिला, गारवा गेला. निम्मं तरी वाचलं म्हणून खूश व्हावं, पण होत नाही. त्या भिंतीला टेकावंसं वाटतं, आत्ता, या क्षणी. प्रशांतला बोलू तरी कुठल्या तोंडानं? हे लिहिताना माझ्याही डोक्यावर एसीच चालू आहे.