चराईवाल्याचा दुपट्टा

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही आणि आता विचारणारही नाही. पावसाळा लागला की आम्हा हिंगण्याकडच्या गोठेवाल्यांची तरणी जनावरं तो चराईवर घेतो, टेकड्यांपलीकडच्या गवताच्या रानात नेतो आणि दिवाळीला परत करतो. यंदा माझी कालवडही दिली. तिची आई विताना गेली होती, म्हणून तिला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

आणायला गेलो, तर ती ओळखू येईना, इतकी अंगानं भरली होती. मी लाडानं हाक मारली. तिनं मानही वळवली नाही. त्यानं नुसतं ‘हुर्र’ केलं, तर तिनं धावत जाऊन त्याच्या काखेत तोंड घातलं! तो सावकाश तिच्या कानातले गोचीड काढत राहिला. माझ्या अंगाची आग झाली.

“काहून रागावता भाऊ?” तो म्हणाला. “तिले आता माह्याच वासाची सवय झाली. हा दुपट्टा घ्या खांद्यावर, मांगं मांगं येते.”

विडीचा आणि घामाचा वास मारणारा तो दुपट्टा पांघरून मी निघालो. ती मुकाट मागे आली. गावात शेजारी म्हणाला, “लय माया लावली गा भाऊ तुम्ही तिले!” मी मान डोलावली.

गोठ्यात दुपट्टा खुंटीला टांगला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं अंग चोरलं आणि खुंटीखाली जाऊन बसली.

चराईवाला दुपट्टा मागायला आला, तर हरवला म्हणून सांगणार आहे.