डावीकडची थरथर

मोजल्याशिवाय माझा कशावरच विश्वास बसत नाही. पोहे करतानाही मी मिठाचा चमचा बोटाने सपाट करून घेते. नवरा त्यावरून थट्टा करतो, करू दे.

याला कारण आहे. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. खोकून खोकून तिच्या बरगड्या दुखायच्या. ज्या डॉक्टरांकडे तिला नेलं, त्यांनी लिहिता लिहिता एकदा मान वर केली आणि म्हणाले, "काही नाही, हवा बदललीय." छातीला स्टेथोस्कोपसुद्धा लावला नाही. दोन वर्षांत आई गेली. नुसतं बघून निकाल देणाऱ्यांचा मला तेव्हापासून राग आहे. बेळगावात मी नवजात बाळांची डॉक्टर झाले, ती बरीचशी त्या रागावरच.

गेल्या वर्षी गुंजी गावाकडचं एक बाळ आमच्याकडे आलं. दिवस भरण्याआधीच जन्मलेलं, सव्वा किलोचं. साधा व्हेंटिलेटर पुरेना, म्हणून त्याला वेगळ्या यंत्रावर ठेवलं. हे यंत्र छाती वर-खाली करत नाही. फुफ्फुस एका दाबावर उघडं धरून ठेवतं आणि मिनिटाला सहाशे बारीक धक्के देतं. बाळ श्वास घेताना दिसतच नाही, गळ्यापासून मांडीपर्यंत नुसतं थरथरत असतं. नातेवाइकांना ते बघवत नाही. या बाळाची आत्या तर तोंडाला पदर लावून बाहेर पळाली.

बाप तेवढा घाबरला नाही. तो भाताच्या गिरणीत कामाला होता, खडखडाटाची त्याला सवय होती. भेटीच्या वेळेत यायचा, सांगितलेल्या जागी हात मागे बांधून उभा राहायचा आणि बाळाकडे एकटक बघायचा.

त्या दुपारी मी फुफ्फुस किती ताठ आहे ते मोजत होते. यंत्राच्या धक्क्यांवर अगदी छोटी लाट सोडायची आणि ती परत कशी येते ते पडद्यावर बघायचं. दाब एकेक पायरी वाढवत न्यायचा आणि जिथे फुफ्फुस सर्वांत मऊ लागेल तिथे थांबायचं. कमी पडला तर फुफ्फुस मिटतं, जास्त झाला तर फाटू शकतं. दोन पायऱ्या छान गेल्या. मग सिस्टरने पाठ पुसायला बाळाला जरा वळवलं, परत नीट ठेवलं, आणि पुढचा आकडा एकदम बिघडला. फुफ्फुस ताठ झालं होतं, ऑक्सिजनही उतरायला लागला. मला वाटलं, मिटतंय. दाब वाढवायला मी हात पुढे केला.

"मॅडम, डावीकडं हलंना झालंय," बाप म्हणाला.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," मी म्हणाले. आवाज चढलाच माझा.

तो दारापर्यंत गेला आणि वळला. "जातो. पर एका अंगानंच हलतंय बगा. आमची चाळण अशी हलाय लागली की मी आदी गिरण थांबवतो."

मी चिडूनच बाळाकडे पाहिलं. गेली दहा मिनिटं मी पडदाच बघत होते. छातीची उजवी बाजू थरथरत होती. डावी जवळजवळ स्वस्थ होती.

मी बटणावरचा हात काढून घेतला. बाळाच्या तोंडातून श्वासनलिकेत गेलेल्या नळीवरची ओठाशी येणारी खूण पाहिली. बाळ वळवताना नळी सेंटिमीटरभर आत सरकली होती आणि सगळी हवा एकट्या उजव्या फुफ्फुसात जात होती. आकडा खोटा नव्हता, अर्थ मी चुकीचा लावला होता. दाब वाढवला असता तर ते उजवं फुफ्फुस फाटलं असतं. नळी हळूच मागे घेतली, तशी डावी बाजू थरथरायला लागली. पुन्हा मोजलं, आकडा जागेवर आला. नंतर एक्स-रेतही नळी बरोबर दिसली.

बाप बाहेर बाकावर बसला होता. मी शेजारी बसले आणि तोंडातून थेट निपाणीची बोली बाहेर पडली.

"चुकलं माझं, अण्णा. तुमी सांगितलं नसतं तर लई वंगाळ झालं असतं."

"व्हय," तो म्हणाला. "पर तुमी थांबलासा न्हवं."

सव्वा महिन्याने बाळ घरी गेलं. मोजणं मी सोडलेलं नाही, फक्त त्याआधी बाळाच्या छातीवर दोन्हीकडे बोटं ठेवते. बापाचं ते वाक्य मात्र अजून मनातून जात नाही. आईला डॉक्टरांकडे नेलं त्या दिवशी तिच्या शेजारी मी उभी होते, चौदा वर्षांची. रात्रभर तिची छाती वाजायची, ते मला ठाऊक होतं. मी ते तिथे सांगितलंही होतं. ते डॉक्टर थांबले नाहीत.