अर्शीचा खुराक

नसीमची एक खोड साऱ्या गल्लीला ठाऊक होती. घरात काही चांगलंचुंगलं आलं, की ते चार घरी दिल्याशिवाय तिला घास गोड लागायचा नाही. दिवसभर रावेरच्या केळी पॅकिंगला उभं राहून फण्या धुवायच्या, खोक्यांत भरायच्या, आणि संध्याकाळी मिळालेली केळी घर येईस्तोवर वाटून मोकळं व्हायचं. नवरा अय्युब केळीच्या ट्रकवर, महिन्यातून थोडे दिवस घरी. तो हसून सोडून द्यायचा. लेक अर्शी मात्र फणकारायची.

अर्शी कबड्डीत चढाई करायची. चढाईला पाय लागतात हे खरं, पण आधी लागतो दम. एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्यांच्या घोळक्यात घुसायचं आणि श्वास तुटायच्या आत परतायचं. अलीकडे अर्शीचा श्वास अर्ध्यातच तुटायला लागला होता. विभागाच्या संघाची निवड धुळ्याला व्हायची होती, हाताशी दोन-अडीच महिने. त्यात जिममधल्या कुणीतरी तिच्या कानात भरवलं, की पावडरीशिवाय आजकाल कुणी टिकत नाही. पोरीने हट्ट धरला आणि अय्युबने जळगावहून प्रोटीनचा हा एवढा डबा आणून दिला.

त्याच आठवड्यात ग्यारवीची नियाज आली, म्हणजे पीरांच्या नावाने खीर करून वाटायचा दिवस. डब्यावर दुधाचा ग्लास छापलेला. नसीमला वाटलं, भारीतली दूधपावडर दिसते. नियाजच्या खिरीत घरातलं उत्तमातलं उत्तम घालायचं, हा तिच्या सासूपासूनचा शिरस्ता. बाईने सगळा डबा पातेल्यात उपडा केला! खीर चॉकलेटी झाली, जागोजाग गोळे धरले, तरी फातिहा पढून झाल्यावर तिने वाट्या भरून गल्लीभर धाडल्या. पोरांनी तर बोटंसुद्धा चाटून साफ केली.

अर्शी सरावावरून आली आणि रिकामा डबा पाहून तिने घर डोक्यावर घेतलं. "अम्मी, माझा खुराक लोकांच्या पोटात घातलास? आता धुळ्याला मी काय तुझी खीर घेऊन जाऊ?"

नसीमच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीची संधी आपल्याच हाताने घालवली, या विचाराने तिला जेवण जाईना.

अर्शीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. इकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, मूठभर साखर तरी घालतात. या वेळी साखरेवर कुणाचं भागेना. पहिली आली समोरची झुंबरबाई, साक्रीकडची लेक. रावेरला नांदून केस पिकले, पण तिची अहिराणी काही सुटली नाही. वाटीत अळिवाचे लाडू होते. "पोरना खुराक आम्ही खाई टाका व माय," ती ओशाळून म्हणाली. "आते रिकामी वाटी कशी धाडू?" मग कुणाकडून शेंगदाणे-गूळ आला, कुणाकडून अंडी, कुणाच्या झाडाची लिंबं. वाट्या आल्या त्या अशा.

अर्शीचा राग मात्र गेला नव्हता. ती दुसरा डबा कुठे मिळेल हे विचारायला कबड्डी शिकवणाऱ्या हितेंद्र सरांकडे गेली. सरांनी तिचे पांढरट ओठ पाहिले आणि म्हणाले, "डबा राहू दे. आधी रक्त तपासून ये." सरकारी दवाखान्यात कळलं, अंगात रक्तच कमी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खेळणाऱ्या मुलींत हे फार दिसतं. प्रोटीनने ही कमतरता भरून निघत नाही, लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतील. आणि गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घे."

डबा शिल्लक असता, तर पोर त्याच्या भरवशावर राहिली असती आणि रक्ताकडे कुणी पाहिलंच नसतं. नसीमने तिथेच, दवाखान्याच्या बाकावर, अल्लाचे आभार मानले. वासाने पोरीचं मन चळू नये म्हणून तिने स्वतःचा सकाळचा चहासुद्धा बंद केला, आणि नसीमचा चहा बंद होणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

दोन महिने गोळ्या आणि गल्लीच्या वाट्या चालू राहिल्या. निवडीला धुळ्याला झुंबरबाई हट्टाने सोबत आली. शेवटच्या चढाईला अर्शी आत शिरली तेव्हा नसीमने डोळेच मिटले. ती फक्त ऐकत होती. कबड्डी, कबड्डी, कबड्डी... आवाज लांब गेला, दोनदा वळला, आणि न तुटता जवळ आला. मैदान ओरडलं तेव्हा कुठे तिने डोळे उघडले.

अर्शीसह निवडलेल्यांची नावं वाचून झाल्यावर निवड समितीतल्या बाईंनी तिला कौतुकाने विचारलं, "दम छान राखलास. पावडर कुठली घेतेस?"

"पावडर आमच्या गल्लीने खाल्ली, मॅडम," अर्शी म्हणाली. "मला दवाखान्याने गोळ्या दिल्या आणि गल्लीने जेवू घातलं. अम्मीची कृपा."

नसीमने ओढणीत तोंड लपवलं. "रडस काबर व?" म्हणत झुंबरबाईने तिला जवळ ओढलं, आणि मग दोघी मिळून रडल्या.