दारापर्यंतची डाक

डॉ. मनोहर रामटेके डिसेंबर २०२० मध्ये आर्नहेम या डच शहरातील एका रुग्णालयात वारले. वय सत्याहत्तर होते. मृत्यूचे कारण कोरोना. नियमांमुळे अंत्यविधीला मोजकीच माणसे होती. त्रिशरण आणि पंचशील हेगमधील एका स्नेह्यांनी स्क्रीनवरून म्हटले. पत्नी सुनंदाबाई वाखनिंगनमधील एका शुश्रूषागृहात होत्या. त्यांना आणले नाही आणि सांगितलेही नाही.

रामटेके मूळचे नागपूरचे. सत्तरच्या दशकात बियाण्यांवरील रोगांच्या संशोधनासाठी वाखनिंगनला आले आणि तिथेच राहिले. मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी, बियाण्यांवर मुलाखत घ्यायला. बियाण्यांविषयी ते थोडक्यात बोलले. मग म्हणाले, "तुमचा चहा झाला का? मग कप आत ठेवून या. हात धुवा. आणि पुसा, पूर्ण कोरडे."

मी परत आले तेव्हा टेबलावर अल्बम उघडलेला होता. त्या टेबलावर पाण्याचा थेंब चालत नसे. फुलदाणीसुद्धा नव्हती.

त्यांच्याकडे अमेरिकेची जुनी तिकिटे होती, पण सरकारी नव्हेत. १८४० च्या सुमारास अमेरिकेत सरकारी टपाल एका गावच्या कचेरीतून दुसऱ्या गावच्या कचेरीत जाई आणि तिथे पडून राही. ज्याचे पत्र असेल त्याने येऊन न्यायचे. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांत काही माणसांनी छोट्या खासगी डाकसेवा काढल्या. सेंट-दोन सेंट घेऊन ते पत्र घरपोच देत. त्यांनी स्वतःची तिकिटे छापली, रंगीत कागदावर, बहुतेक ओबडधोबड. काही सेवा वर्षभरही टिकल्या नाहीत. पुढे सरकारने शहरांतले रस्ते टपालमार्ग ठरवले, म्हणजे तिथे खासगी डाक बेकायदा झाली, आणि हा धंदा संपला.

"सरकार कचेरीपर्यंत," रामटेके म्हणत. "दारापर्यंत कोण? एक माणूस, पायी. मी त्याचं तिकीट जमवतो."

ही तिकिटे दुर्मिळ असल्यामुळे त्यांच्या नकला फार. एकोणिसाव्या शतकातल्याच व्यापाऱ्यांनी अल्बममधल्या रिकाम्या जागा भरण्यासाठी त्या छापल्या. रामटेक्यांकडे अस्सल तिकिटे आठ-दहा असतील, नकली काही शे. नकलांचा अल्बम वेगळा होता आणि त्याला ते 'सासरची मंडळी' म्हणत. एकदा अ‍ॅमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्टमधून एक हौशी गृहस्थ आपले एक तिकीट दाखवायला आले. रामटेक्यांनी ते बराच वेळ भिंगाखाली धरले.

"फार सुंदर आहे," ते म्हणाले.

"म्हणजे अस्सल ना, सर?"

"अस्सल इतकी सुंदर नव्हती."

तिकीट मूळ पाकिटावर चिकटलेले, त्यावर शिक्का किंवा शाईची रेघ पाकिटापर्यंत गेलेली, असे असेल तरच ते त्याविषयी खात्रीने बोलत. "सुटं तिकीट काहीही सांगेल. पाकिटावर असेल तर बोला." म्हणून तिकीट पाकिटावरून सोडवायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम होता.

हा नियम सुनंदाबाईंनी एकदा मोडला होता. ती हकिगत त्या स्वतःच सांगत. त्यांचा वेगळा उद्योग होता. घरी येणाऱ्या प्रत्येक पाकिटाचा कोपरा फाडून त्या वाडग्यातल्या पाण्यात टाकत, तिकीट सुटले की टिपकागदावर वाळवत आणि मंडळातल्या मुलांना वाटत. नव्वदच्या दशकात नवऱ्याला मदत म्हणून त्यांनी त्याच्या संग्रहातले एक छोटे निळसर पाकीटही तसेच भिजवले. तिकीट सोडवले. पाकीट जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात गेले आणि गठ्ठा रद्दीच्या गाडीसाठी रस्त्यावर.

"ओरडतील म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले," त्या सांगत. "हे आले, तिकीट बघितलं. म्हणाले, सुनंदा, हे अस्सल आहे हे आता जगात फक्त तुला आणि मला माहीत. आणि तुला काय कळतंय."

"मग?"

"मग काय, चहा टाकला. यांचा बाहेर, माझा आत."

सुनंदाबाईंचा विस्मरणाचा आजार २०१५ च्या सुमारास लक्षात आला. आधी डच गेली. मग इंग्रजी. मग हिंदी. शुश्रूषागृहात नेले तेव्हा त्यांच्याकडे फक्त मराठी उरली होती. त्या इमारतीत मराठी जाणणारे कोणी नव्हते. रामटेके रोज दुपारी सायकलने डबा घेऊन जात, वरणभात भरवत आणि बोलत बसत. दिवसभरात सुनंदाबाईंशी त्यांना समजेल असे बोलणारा तो एकच माणूस होता.

मार्च २०२० मध्ये देशातली सगळी शुश्रूषागृहे भेटीसाठी बंद झाली.

इंग्रिड नावाच्या परिचारिकेने टॅबलेटवर बोलणे करून दिले. सुनंदाबाईंनी टॅबलेट उलटा करून मागे कोणी आहे का पाहिले आणि खाली ठेवला. रामटेके हिरवळीवर जाऊन खिडकीखाली उभे राहिले. खोली दुसऱ्या मजल्यावर होती. त्यांनी हात हलवला. सुनंदाबाईंनी पडदा ओढून घेतला. एप्रिलमध्ये इंग्रिडने फोनवर सांगितले की त्या जेवायला तोंड उघडत नाहीत आणि दिवसभर कोणाशी काही बोलत नाहीत.

त्या आठवड्यात रामटेक्यांनी मला फोन केला. "काय बातमीदारबाई, एक बातमी घ्या. वाखनिंगनात नवी डाकसेवा सुरू."

त्यांनी चालणारा माणूस खोडरबरावर कोरला होता. खाली 'घरपोच' अशी अक्षरे. पिवळ्या घोटीव कागदावर पेनाच्या निळ्या शाईने छापून, कापून, मागे डिंक लावून ती तिकिटे पाकिटावर चिकटवली होती. वर पेनाने फुली, म्हणजे शिक्का. पाकीट घेऊन ते सायकलने जात आणि शुश्रूषागृहाच्या दाराशी ठेवलेल्या टोपलीत टाकत.

विषाणूच्या भीतीने तिथे आलेली पत्रे एक दिवस बाजूला ठेवत. रामटेक्यांना त्याचे काही वाटले नाही. "पूर्वी साथीच्या दिवसांत पत्रांना चिरा पाडून धुरी द्यायचे. आपल्याला एक दिवसाचाच उशीर आहे."

"त्यांना वाचता येतं का अजून?" मी विचारले.

"माहीत नाही. पोहोचवायचं एवढंच माझ्याकडे."

काही दिवसांनी इंग्रिडचा फोन आला. ती ओशाळली होती.

"मेनेर रामटेके, सांगायला वाईट वाटतं. तुमची पत्रं त्या उघडत नाहीत. पाकिटाचा कोपरा फाडतात आणि पाण्याच्या ग्लासात टाकतात. पाणी निळं होतं. मग ते पिवळे तुकडे टिश्यूवर ठेवतात. तुमचं चित्र सगळं जातं. पत्रं आम्ही काढून ठेवू का?"

"टिश्यूवर ठेवताना चित्राची बाजू वर असते की खाली?"

इंग्रिडला प्रश्न कळला नाही. तिने जाऊन पाहिले. "खाली."

तिकीट वाळवायची पद्धत तीच आहे.

"काही काढू नका," रामटेके म्हणाले. "ग्लास मात्र मोठा द्या. वाडगा असेल तर बरं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाई बदलली. पाण्यात न विरघळणारी, छपाईची तेलाची शाई मागवली. डिंक पातळ केला. मी फोन केला तेव्हा ते सुटायला किती वेळ लागतो हे बशीत तपासत होते, त्याच टेबलावर.

"जन्मभर तिकीट पाकिटावरून सुटू नये म्हणून जपलं," ते म्हणाले. "आता लवकर सुटावं म्हणून खटपट चाललीय. कुणाला सांगू नका. तिकीटसंग्राहकांच्या संघाचं सदस्यत्व काढून घेतील."

"आत काय लिहिता? त्या तर उघडत नाहीत."

"एक ओळ लिहितो. आज भेंडी केली, करपली. रिकाम्या पाकिटाला डाक म्हणत नाहीत."

मेच्या सुरुवातीला इंग्रिडने कळवले की सुनंदाबाई सकाळी खिडकीजवळ बसतात, वाडगा समोर घेतात आणि काम संपल्यावर थोडे खातात. तिकिटांचा आणि जेवणाचा संबंध आहे का, हे तिला सांगता आले नाही.

मेअखेर नियम सैल झाले. प्रत्येक रहिवाशासाठी एक ठरलेला भेटकर्ता, आठवड्यातून दोनदा, मास्क लावून. रामटेके नवा शर्ट घालून गेले. त्या भेटीची हकिगत त्यांनी मला त्यांच्या बागेत, अंतर ठेवून मांडलेल्या दोन खुर्च्यांवर बसून सांगितली.

सुनंदाबाई खिडकीशी बसल्या होत्या. समोर टिश्यूवर तिकिटे. रामटेक्यांनी नाव घेऊन हाक मारली. त्यांनी पाहिले. मास्कच्या वर फक्त डोळे होते. रामटेके जवळ गेले तसा सुनंदाबाईंनी तिकिटांवर हात आडवा धरला.

"हात लावू नका. ओली आहेत."

"नाही लावत."

"बसा तिकडे."

ते बसले. त्या मराठीत बोलल्या होत्या, दोन महिन्यांनी. रामटेक्यांनी विचारले, "छान आहेत. कोण पाठवतं?"

"मिस्टर पाठवतात. कामाला बाहेरगावी असतात."

"कधी येणार?"

"त्यांचं काही खरं नाही. पण पत्र येतं रोज."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?" मी विचारले.

"मास्क काढायची परवानगी नव्हती," रामटेके म्हणाले. "आणि सांगून काय? रोज पत्र पाठवणारा नवरा आहे तिला. त्याच्याऐवजी मी काय दाखवू?"

उन्हाळाभर त्यांनी दोन्ही कामे केली. मंगळवारी आणि शुक्रवारी ते अनोळखी पाहुणे म्हणून जात आणि वरणभात भरवत. रोज सकाळी टोपलीत पाकीट टाकत. सुनंदाबाई पाहुण्यांना 'अहो' म्हणत. एकदा त्यांनी पाहुण्यांना चार तिकिटे दिली, 'मुलांसाठी'. रामटेक्यांनी ती घरी आणून अस्सल तिकिटांच्या अल्बममध्ये लावली. सुटी, पाकिटाशिवाय.

ऑक्टोबरमध्ये सुनंदाबाईंच्या मजल्यावर संसर्ग झाला आणि मजला बंद झाला. डाक चालू राहिली. नोव्हेंबरच्या शेवटी रामटेक्यांना ताप आला. हाउसआर्ट्सने, म्हणजे तिथल्या घरच्या डॉक्टरांनी, फोनवर लक्षणे विचारली आणि रुग्णवाहिका पाठवली.

त्यांची मुलगी संघमित्रा टिलबर्गमध्ये एका मालवाहतूक कंपनीत काम करते. घरात तिला मित्रा म्हणतात. ती इथेच वाढली. आईवडील मराठीत बोलत, ती डचमध्ये उत्तर देई, आणि चाळीस वर्षे हे असेच चालले होते. रुग्णालयातून वडिलांनी तिला फोन केला. धाप लागत होती. प्रकृतीविषयी तिने विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली नाहीत.

"खणात पाकिटं तयार आहेत. तिकिटं लावलेली आहेत. रोज एकच टाकायचं. दोन टाकू नकोस, ती गोंधळेल."

"बाबा, ते होईल. तुम्ही झोपा," मित्रा डचमध्ये म्हणाली.

"आणि पोस्टाने पाठवू नकोस. स्वतः जा."

मित्रा टिलबर्गहून सुटी घेऊन वाखनिंगनच्या घरी राहायला आली. तिने रोज एक पाकीट टाकले. वडील गेले त्या दिवशीही टाकले.

खणातली पाकिटे जानेवारीत संपली. कोरलेले खोडरबर टेबलावर होते. शाई होती, पिवळा कागद होता. इंग्रिडने विचारले की आता पुढची तू छापशील का. मित्राने मला सांगितले की ती एक संध्याकाळ त्या टेबलाशी बसली. एक तिकीट छापले. ते वडिलांच्या तिकिटांपेक्षा नीट आले होते. तिने ते फाडून टाकले.

"सासरच्या मंडळींत गेलं असतं," ती म्हणाली. हे ती मराठीत म्हणाली.

पत्र बंद झाल्यावर सुनंदाबाई काही दिवस सकाळी वाडगा समोर घेऊन बसत होत्या. मग बसेनाशा झाल्या. पुन्हा जेवण कमी झाले. मजला उघडला होता आणि ठरलेली भेटकर्ती आता मित्रा होती. ती पहिल्यांदा गेली तेव्हा तिच्याकडे द्यायला काही नव्हते. ती डचमध्ये बोलली. आईने मान वळवली. मग मित्रा मराठीत बोलली. तिची क्रियापदे चुकत होती, शब्द अडत होते. तिने घराविषयी सांगितले, सायकलविषयी सांगितले, भेंडी महाग झाली हे सांगितले. सुनंदाबाईंनी ऐकले. बाबा वारल्याचे तिने सांगितले नाही. मिस्टर कुठे आहेत, असे सुनंदाबाईंनी विचारले नाही.

त्यानंतर मित्रा आठवड्यातून जितक्या वेळा परवानगी मिळे तितक्या वेळा गेली. वरणभात कसा करायचा, हे तिने मला फोनवर विचारून घेतले. आईने आपल्याला ओळखले का, हे तिला सांगता येत नाही. त्या तिला नावाने हाक मारत नसत.

सुनंदाबाई मे २०२१ मध्ये झोपेत वारल्या. त्याच्या आदल्या रविवारी दुपारी मित्रा त्यांना चमच्याने भरवत होती. इंग्रिड खोलीत चादर बदलत होती. सुनंदाबाईंनी दोन घास घेतले. तिसऱ्याला त्यांनी मित्राचा हात धरला.

"तू जेवलीस का?"

"नाही आई, अजून नाही," मित्रा म्हणाली.

सुनंदाबाईंनी चमचा तिच्याकडे वळवला. मित्राने मास्क खाली ओढला आणि तो घास खाल्ला.